कानाची साक्ष

एखाद्या वस्तूच्या लांबीविषयी दोघांचे मत जुळले नाही तर फूटपट्टी आणून वाद मिटवता येतो. भाजीत मीठ अधिक झाले की उणे, याविषयी मतभेद झाला तर ज्याची त्याची चव म्हणून हसून सोडून देता येते. कानांचा मतभेद मात्र या दोहोंच्या मध्ये कुठेतरी अडकून पडलेला असतो. ‘या यंत्राचा आवाज गोड आहे’ असे कुणी म्हणाले की तो आपली आवड सांगत आहे की यंत्राचा गुण, हे त्याचे त्यालाही नीट उमगलेले नसते. समोरच्याला तो गोडवा ऐकू आला नाही, तर पहिला म्हणतो, ‘तुम्हाला कानच नाहीत’, आणि दुसरा म्हणतो, ‘तुम्हाला भास होतो’. बाहेरच्या माणसाला अशी भांडणे हास्यास्पद वाटतात. पण आमच्या कुटुंबात अशाच एका भांडणापायी दोन नाताळ मुकेपणाने गेले. म्हणून त्याविषयी चार शब्द लिहावेसे वाटतात.

माझे सारे आयुष्य मोडनिंबात गेले. सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यातले हे गाव पुणे-सोलापूर महामार्गावर आहे, आणि कुर्डुवाडीहून पंढरपूरमार्गे मिरजेला जाणारी रेल्वेही गावावरून जाते. लावणीच्या रसिकांना हे गाव येथील कला केंद्रांमुळे ठाऊक आहे. माझे दुकान रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीचे. कला केंद्रांतली, भजनी मंडळांची, लग्नाच्या मांडवातली, शाळेच्या स्नेहसंमेलनातली अशी नाना तऱ्हेची यंत्रे माझ्या टेबलावर येऊन गेली. अ‍ॅम्प्लिफायरचे काम तसे साधे आहे. मायक्रोफोनमधून किंवा तबकडीवरच्या सुईतून येणारा विजेचा अगदी दुबळा स्पंद घ्यायचा आणि स्पीकरचा पडदा हलवण्याइतका बलवान करून पुढे पाठवायचा. पत्र जसे आले तसे पोहोचवणाऱ्या टपालवाल्याचे हे काम आहे. पत्रात त्याने आपल्या पदरचे काही घालू नये आणि त्यातले काही गाळूही नये, एवढीच अपेक्षा.

गिऱ्हाइकाची भाषा मात्र निराळी असते. आवाज फाटतो, आवाज बसलाय, पेटी दबते, ढोलकी घुमत नाही, बाईंचा आवाज टोचतो, अशा शब्दांत तक्रार येते. या प्रत्येक शब्दामागे यंत्रातला एखादा दोष दडलेला असतो, हे मला अनुभवाने कळले. ढोलकीच्या एका थापेला क्षणभर जी शक्ती लागते ती चालू गाण्याच्या सरासरीपेक्षा कितीतरी पटींनी मोठी असते. यंत्राचा पुरवठा तिथे अपुरा पडला की थापेचा माथाच कापला जातो. त्यालाच वाजवणारा ‘आवाज फाटला’ म्हणतो. मीटर लावण्याआधीच त्याच्या कानाला ते कळलेले असते. त्यामुळे कानाच्या साक्षीला मी कधीही हलके लेखले नाही.

आवाजाचे हे वेड आमच्या घरात वडिलांकडून आले. ते कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये कामाला होते. 1968 साली त्यांनी स्वतःच्या हाताने व्हॉल्व्हचा एक अ‍ॅम्प्लिफायर बांधला. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेल्या व्हॉल्व्हची एक जोडी, घरी गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर आणि वर्कशॉपमधल्या एका स्नेह्याने वाकवून दिलेली पत्र्याची पेटी, एवढा त्याचा संसार. रविवारी दुपारी जेवणे उरकली की वडील बटण दाबत. व्हॉल्व्ह तापायला अर्धा मिनिट लागे. मग काचेच्या आत तांबूस उजेड दिसू लागे आणि अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी सुरू होई. ताई, दादा आणि मी असे तिघे त्या उजेडाकडे पाहत बसत असू. वडील 2009 साली गेले. अ‍ॅम्प्लिफायर त्याआधीच बंद पडला होता. तो माझ्या दुकानात, वरच्या फळीवर, कापडात गुंडाळून ठेवलेला होता.

थोरले बंधू, म्हणजे आमचे दादा, इंजिनिअर झाले आणि कारखान्यातली नोकरी संपवून आता सोलापुरात असतात. दाजी, म्हणजे ताईंचे यजमान, पुण्यात बँकेत होते. दोघांनाही गाण्याचे वेड, आणि त्याच वेडाने त्यांची मैत्री जुळलेली. परंतु दादांचे मत असे की नीट बांधलेले सारे अ‍ॅम्प्लिफायर, त्यांच्या ताकदीच्या मर्यादेत वाजवले तर, एकसारखेच वाजतात. फरक असतो तो स्पीकरचा, खोलीचा आणि किमतीच्या चिठ्ठीचा. दाजी म्हणत की व्हॉल्व्हच्या आवाजात जीव असतो आणि ट्रान्झिस्टरचा आवाज स्वच्छ असला तरी कोरडा असतो. पुण्यातच केडन्स या नावाने व्हॉल्व्हचे उंची अ‍ॅम्प्लिफायर आणि इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर तयार झाले. दाजींनी ते एका परिचितांच्या घरी ऐकले होते आणि तेव्हापासून त्यांच्या मनाने ओढ घेतली होती. निवृत्तीच्या रकमेतले साडेचार लाख रुपये घालून एक परदेशी व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर घ्यायचा, असे त्यांनी ठरवले.

2015 सालच्या नाताळात सारे मोडनिंबला जमले असताना हा विषय निघाला. दादा म्हणाले, “दाजी, तुम्ही आवाज ऐकत नाही, किंमत ऐकता.” दाजी म्हणाले, “आणि तुम्ही ऐकतच नाही, नुसते आलेख वाचता.” शब्दाने शब्द वाढला. ताईंच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया करायची होती आणि तिचा खर्च याच रकमेतून व्हायचा होता, हे दादांना ठाऊक होते. ते त्यांनी सर्वांसमक्ष बोलून दाखवले. दाजी ताटावरून उठले. पुढचे दोन नाताळ ताई माहेरी आल्या नाहीत. फोनवर माझ्याशी बोलताना त्या एवढेच म्हणत, “अरे, यंत्राचे खरे काय ते तूच सांग ना दोघांना.”

यंत्राचे खरे काय, हे साऱ्या जगाला एकमताने सांगता आलेले नाही, हे ताईंना कसे सांगावे? हा वाद आमच्या घरात जन्मलेला नव्हता. 1978 साली इंग्लंडमधल्या क्वाड कंपनीच्या तीन पिढ्यांच्या अ‍ॅम्प्लिफायरांची श्रवणपरीक्षा झाली. त्यांतला एक व्हॉल्व्हचा होता आणि दोन ट्रान्झिस्टरचे. कोणता चालू आहे हे ठाऊक नसताना जाणकार श्रोत्यांना ते खात्रीने ओळखता आले नाहीत. 1987 साली अमेरिकेतल्या ‘स्टिरिओ रिव्ह्यू’ मासिकाने पंचवीस श्रोते बसवले. सुमारे 220 डॉलरपासून 12,000 डॉलरपर्यंतच्या अ‍ॅम्प्लिफायरांची तुलना झाली. फरक असतो असे मानणारे आणि नसतो असे मानणारे, दोन्ही पक्षांचे लोक त्यात होते. उत्तरे नाणे उडवून द्यावीत तशीच आली.

दादांचे हे आवडते दाखले. पण दुसऱ्या बाजूलाही दाखले आहेत. सुरुवातीच्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायरांचे कागदावरचे आकडे उत्तम असत, तरीही अनेकांना त्यांचा आवाज खरखरीत वाटे. पुढे उलगडा झाला. लाटेचा वरचा भाग एका ट्रान्झिस्टरने आणि खालचा दुसऱ्याने उचलायचा अशी त्यांची रचना असे. जिथे एक सोडतो आणि दुसरा धरतो तिथे बारीकसा सांधा राहून जाई. हा दोष हळू आवाजात अधिक जाणवतो, आणि मोठ्या आवाजात घेतलेल्या मापात तो झाकून जातो. 1970 साली फिनलंडच्या मात्ती ओटाला या संशोधकाने आणखी एक दोष मांडला. यंत्रातून बाहेर पडणाऱ्या स्पंदाचा थोडा अंश उलटा फिरवून आत घ्यायचा आणि त्याने चुका पुसायच्या, ही फीडबॅकची युक्ती हॅरॉल्ड ब्लॅक या अमेरिकन अभियंत्याला 1927 साली कामावर जाताना बोटीत सुचली होती. तीच युक्ती संथ यंत्रात अतोनात वापरली तर अचानक येणाऱ्या आघाताला नवी विकृती उत्पन्न होते, असे ओटाला यांनी दाखवले. नेहमीच्या मापांत ती दिसत नव्हती. सारांश, मीटर मुका असताना कान बोलल्याची उदाहरणे आहेत. कान बोलला तो दर वेळी खराच बोलला, असे मात्र त्यावरून म्हणता येत नाही.

सर्वांत मोठी फसगत आवाजाच्या उंचीने होते. एकच गाणे एकाच यंत्रावर दोनदा लावावे आणि दुसऱ्यांदा बटण केसभर पुढे सरकवावे. ऐकणारा ‘आवाज मोठा झाला’ असे म्हणत नाही. ‘आता अधिक भरीव वाटते, खोली आली’ असे म्हणतो. याचे एक कारण असे की हळू आवाजात आपल्या कानाला खर्जाचे सूर प्रमाणाबाहेर कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 सालीच हे मोजून दाखवले आहे. दुकानात दोन यंत्रे शेजारी ठेवून तुलना करणारा गिऱ्हाईक बहुतेक वेळा यंत्र निवडत नाही, तो बटणाची जागा निवडतो.

तेव्हा मी ताईंना म्हटले, “मी निवाडा देणार नाही. त्या दोघांचे कानच निवाडा देतील. मात्र दोघांनी माझ्या घरी येऊन, माझ्या अटींवर ऐकले पाहिजे.” आधी दोघांनीही नकार दिला. मग ताईंनी काय केले ते मला ठाऊक नाही, पण 2018 सालच्या मे महिन्यात दोघेही मोडनिंबला आले. दाजींच्या पुण्यातल्या एका स्नेह्यांनी आपला उंची व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर दोन दिवसांसाठी दिला होता. दाजी जो घेणार होते त्याच जातीचा तो होता. प्रत्येक बाजूला एकच मोठा व्हॉल्व्ह, ताकद अवघी आठ वॅट, आणि फीडबॅक मुळीच नाही. पुण्यापासून गाडीत दाजींनी तो मांडीवर धरून आणला होता. दादांनी आपला वीस हजारांचा ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकरची एक जोडी आणली. दाजींनी आपलीही स्पीकरची जोडी आणली होती. दोघे एकमेकांशी ‘या, बसा’ एवढेच बोलले.

तयारीला सकाळ गेली. आमच्याकडचा वीजदाब चढउतार करतो, म्हणून दोन्ही यंत्रे स्टॅबिलायझरवर घेतली. एक खटका दाबला की स्पीकर एका यंत्रावरून दुसऱ्यावर जाईल अशी जोडणी केली. व्हॉल्व्हचे यंत्र स्पीकरवाचून मोकळे चालू ठेवले तर त्याचा ट्रान्सफॉर्मर जळण्याची भीती असते. म्हणून त्याच्या वाट्याला स्पीकर नसताना एक जाड रेझिस्टर लागेल अशी व्यवस्था केली. मग एकाच सुराचा स्पंद सोडून, स्पीकरच्या तारांवर मीटर लावून, दोन्ही यंत्रांचा आवाज व्होल्टच्या शंभराव्या भागापर्यंत सारखा केला. पुढे चादरीचा पडदा. पडद्यामागे मी नाणे उडवणार, छाप आला तर एक यंत्र, काटा आला तर दुसरे. दोघांनी न बोलता आपापल्या कागदावर ‘व्हॉल्व्ह’ किंवा ‘ट्रान्झिस्टर’ असे लिहायचे. अशा सोळा फेऱ्या. नुसत्या अंदाजाने लिहिले तर सोळापैकी आठ बरोबर येतील. बारा किंवा त्याहून अधिक बरोबर येणे हे निव्वळ नशिबाने शंभरात चार वेळाही घडत नाही. तेव्हा बारा ही रेघ ठरली, आणि ती दोघांनी मान्य करून कागदावर सही केली. सही दादांनी मागितली होती.

पहिल्यांदा दादांचे स्पीकर लावले. तंबोऱ्यावर गायलेला ख्याल, ढोलकी, पेटी, एक गिटार असे तुकडे निवडले होते. ताकद कमी पडू नये म्हणून आवाज बेताचा ठेवला. सोळा फेऱ्या संपल्या तेव्हा दाजींची नऊ उत्तरे बरोबर आली आणि दादांची सात. म्हणजे दोघांनाही काहीच ओळखता आले नव्हते. दाजींचा चेहरा उतरला. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि ते म्हणाले, “माझ्या स्पीकरवर लावा.” दादा म्हणाले, “स्पीकर बदलल्याने अ‍ॅम्प्लिफायर बदलत नाही, दाजी.” मी मात्र स्पीकर बदलले, पुन्हा मीटर लावून आवाज जुळवला, आणि सोळा फेऱ्या नव्याने घेतल्या.

या खेपेस दाजींची चौदा उत्तरे बरोबर आली. आणि खरी नवलाची गोष्ट म्हणजे दादांचीही तेरा बरोबर आली. फरक नसतोच म्हणणाऱ्या माणसाने तो सोळापैकी तेरा वेळा ओळखला होता. आपला कागद दादांनी दोनदा तपासून पाहिला.

याचे कारण काही गूढ नव्हते. स्पीकरवर आठ ओहम लिहिलेले असले तरी त्याचा रोध सर्व सुरांना सारखा नसतो. एखाद्या सुराला तो सहा असतो, तर दुसऱ्याला चोवीसही होतो. आता यंत्राचा स्वतःचा अंतर्गत रोध दोन ओहम आहे असे धरू. सहाच्या जागी सहा आणि दोन मिळून आठ होतात, आणि त्या आठांतले सहा भाग, म्हणजे पाऊण विद्युतदाब, स्पीकरला मिळतो. चोवीसच्या जागी सव्वीसांतले चोवीस भाग मिळतात. म्हणजे काही सूर आपोआप पुढे येतात आणि काही मागे राहतात. ट्रान्झिस्टरच्या यंत्राचा अंतर्गत रोध नगण्य असल्यामुळे तिथे असे होत नाही. फीडबॅक नसलेल्या व्हॉल्व्हच्या यंत्रात ते होते. दादांच्या स्पीकरचा रोध बहुतेक सुरांना जवळजवळ सारखा होता, म्हणून तिथे फरक उमटला नाही. दाजींच्या स्पीकरचा रोध डोंगरदऱ्यांसारखा चढत उतरत होता. त्यावर व्हॉल्व्हच्या यंत्राने ढोलकीचा धुमारा थोडा फुगवला होता आणि गळ्याला किंचित ऊब दिली होती. दाजी त्यालाच जीव म्हणत.

मग मी शेवटची गोष्ट केली. ट्रान्झिस्टरच्या यंत्रातून निघणाऱ्या तारेत, दोन्ही बाजूंना, दोन ओहमचा एकेक रेझिस्टर जोडला. दुकानात तो पंचवीस रुपयांना मिळतो. आवाज पुन्हा जुळवला आणि दाजींच्याच स्पीकरवर तिसऱ्यांदा सोळा फेऱ्या घेतल्या. दाजींची आठ बरोबर, दादांची नऊ. साडेचार लाखांच्या आवाजातला त्या स्पीकरवर ओळखू येणारा सारा वेगळेपणा पन्नास रुपयांत स्वस्त यंत्रात उतरला होता.

असाच प्रकार 1985 साली अमेरिकेत घडला होता. बॉब कार्व्हर या अभियंत्याने ‘स्टिरिओफाइल’ या नियतकालिकाच्या समीक्षकांना आव्हान दिले होते की तुम्ही सांगाल त्या महागड्या अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज मी माझ्या स्वस्त यंत्रात उतरवून दाखवतो. समीक्षकांनी व्हॉल्व्हचे एक किमती यंत्र पुढे केले. कार्व्हरने सुमारे दोन दिवस खोलीत बसून आपले ट्रान्झिस्टरचे यंत्र त्याच्याशी इतके जुळवले की समीक्षकांना दोन्ही वेगळी ओळखता येईनात. पुढे 1987 साली कारखान्यातून निघालेल्या यंत्राविषयी त्याच नियतकालिकाने शंका काढली आणि वाद पुन्हा पेटला. पण त्या दोन दिवसांनी एक गोष्ट दाखवून दिली. आवाजाचे स्वभावही मोजता येतात आणि नक्कल करून घेता येतात.

तिसरा कागद वाचून झाल्यावर खोलीत बराच वेळ कुणी बोलले नाही. आता दादा काहीतरी टोचून बोलतील अशी मला भीती होती. दाजी हळूच म्हणाले, “म्हणजे मी ऐकत होतो ते काही नव्हतेच का?” दादा म्हणाले, “होते, दाजी. फरक होता. मलाही ऐकू आला.” एवढेच बोलून ते उठले आणि ताईंना चहा टाकायला सांगायला आत गेले. ताई आतल्या खोलीत, दाराआडच उभ्या होत्या.

दाजींनी ते यंत्र घेतले नाही. त्याच वर्षी ताईंच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली. मी दाजींना पंचवीस रुपयांचे ते दोन रेझिस्टर देऊ केले तेव्हा मात्र ते हसले. “आता ते तिथे आहेत हे ठाऊक असताना मला त्यांतून गाणे ऐकू येणार नाही,” असे ते म्हणाले. मला ते खोटे वाटले नाही. गाणे ऐकणारा माणूस केवळ कानाने ऐकत नाही. काचेतला उजेड, व्हॉल्व्ह तापेपर्यंतचे अर्धे मिनिट, यंत्र कुणी बांधले त्याची आठवण, हे सारे त्याच्या ऐकण्यात येते. त्याला आवाजाचा गुण म्हणू नये, एवढेच. पण ते भ्रमही नव्हे. वडिलांचा अ‍ॅम्प्लिफायर मी फळीवरून खाली काढला. त्याचे कोरडे पडलेले कंडेन्सर बदलले, व्हॉल्व्ह तपासले, ट्रान्सफॉर्मर शाबूत होता. थोरला मुलगा म्हणून दादांचा त्यावर हक्क होता. त्यांनी तो आपल्या हाताने दाजींच्या गाडीत ठेवला.

पुढे काही दिवसांनी एका भजनी मंडळाच्या तंबोऱ्याची जवारी करून आणायला मी आमच्याच रेल्वेमार्गाने मिरजेला गेलो. तंबोऱ्यांसाठी मिरज दीडशेहून अधिक वर्षे प्रसिद्ध आहे. 2024 साली तिथल्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. त्यांचे भोपळे आमच्या बाजूचे, पंढरपूर भागात पिकलेले असतात. जवारी म्हणजे काय ते कारागिराजवळ बसल्यावर कळते. ज्या घोडीवरून तार जाते तिचा माथा सपाट नसतो, त्याला अगदी सूक्ष्म उतार असतो. हलणारी तार त्या उताराला हळुवार घासत राहते आणि तिच्यातून असंख्य उपस्वर फुटतात. तारेखाली सुताचा धागा सरकवून तो परिणाम नेमका साधायचा असतो. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी 1921 साली याच गोष्टीवर लिहिले आहे. पाठ्यपुस्तकाच्या नियमाप्रमाणे जे उपस्वर त्या तारेत उमटूच नयेत, तेही या घोडीमुळे ऐकू येतात, असे त्यांनी नोंदवले.

केवळ मापाच्या दृष्टीने पाहिले तर जवारी ही विकृतीच आहे. तारेने जे दिले नाही ते घोडी त्यात घालते. पण ती काढून टाकली तर तंबोरा मुका होईल. कारागिराने माझ्याकडून तंबोरा घेताना एकच प्रश्न विचारला, “गाणार कोण आहे?” पुरुषाच्या खर्जाला वेगळी जवारी, स्त्रीच्या गळ्याला वेगळी. एकाला ती खुली आवडते, दुसऱ्याला बंद. यांतली खरी कोणती, असे तो विचारत नाही. आणि ज्याला ती बंद हवी त्याला कानच नाहीत, असेही तो म्हणत नाही.

तो प्रश्न मी परतीच्या गाडीत मनात घोळवत होतो. तंबोरा हे वाद्य आहे. त्याने आपले काही घालावे म्हणूनच तो असतो. अ‍ॅम्प्लिफायर हा निरोप्या आहे. त्याने काही घालू नये, हे दादांचे म्हणणे न्यायाचेच आहे. पण एखाद्या माणसाला निरोप थोड्या गोड गळ्याने सांगितलेला आवडत असेल, तर त्याने तो तसा ऐकावा. त्यात पाप नाही. त्याने फक्त त्या गोडव्याला अचूकपणा म्हणू नये, आणि त्याची किंमत मोजताना घरातल्या दुसऱ्या कुणाच्या गुडघ्याला चटका बसत नाही ना, हे पाहावे. आणि ज्याच्यापाशी आलेख आहे त्याने समोरच्याला ‘भास होतो’ म्हणण्यापूर्वी पडद्यासमोर बसून स्वतःच्या कानाने एकदा ऐकावे.

माझ्या दुकानात आजही यंत्र घेण्याविषयी सल्ला विचारणारे येतात. मी त्यांना सांगतो की पैसे आधी स्पीकरवर घाला आणि खोलीत पडदे, सतरंज्या, पुस्तके असू द्या. मग आपल्या स्पीकरला पुरून उरेल एवढ्या ताकदीचा कोणताही नीट बांधलेला अ‍ॅम्प्लिफायर घ्या. दोन यंत्रांत निवड करायची असेल तर दोन्हींचा आवाज मीटर लावून सारखा करा, त्यांवर कापड टाका, आणि ज्याच्याशी मतभेद आहे त्यालाच शेजारी बसवून दोघे मिळून ऐका. यांतली शेवटची अट पुष्कळांना विचित्र वाटते.

गेल्या नाताळात दाजींनी वडिलांचा अ‍ॅम्प्लिफायर मोडनिंबला आणला होता. दादांनी त्याला आपले स्पीकर जोडले. दाजींच्या मते या स्पीकरवर आवाज थोडा कोरडा येतो, आणि दादांच्या मते तो आता कुठे बरोबर येतो. यावर दोघे रात्री उशिरापर्यंत बोलत बसले होते. ताई तेवढ्यात दोनदा उठून, काठीवाचून, चहा करून आल्या.